आजीचं विमान किती उंच आहे, हे फोनला कोण सांगतं?



पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा टाका आणि मग वाचायला बसा. जमलं तर शेवटचा भाग मुलांनाही वाचून दाखवा.

आपल्या सगळ्यांच्या घरी हे होतंच. आई-बाबा मुंबईहून निघतात. "बसलो गं विमानात, आता फोन बंद करते" असा शेवटचा मेसेज येतो, आणि आपण लगेच विमानांचं ते अ‍ॅप उघडतो. नकाशावर पिवळी विमानं मुंग्यांसारखी सरकत असतात. त्यातलं आपलं शोधायचं, त्यावर बोट ठेवायचं. उंची ३६,००० फूट, वेग अमुक, उतरायला इतके तास. मग रात्रभर दर तासाला उठून बघायचं. आई तिकडे झोपलेली असते, जागे आपण असतो.

मागच्या खेपेला माझी नऊ वर्षांची लेक शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "आई, आजीचं विमान किती उंच आहे हे फोनला कोण सांगतं?" मी म्हटलं, "रडारला दिसतं ना." ती म्हणाली, "पण रडार तर जमिनीवर असतं. त्याला उंची कशी कळते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सॅटेलाइट असेल" असं काहीतरी पुटपुटून मी विषय टाळला. मग दोन-तीन आठवडे रात्री वाचत बसले, आणि लक्षात आलं की लेकीचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता. विमानतळावरच्या साध्या रडारला उंची कळत नाही. ती विमानालाच स्वतःहून सांगावी लागते. ती सांगणारं यंत्र विमानात आणि ऐकणारं यंत्र जमिनीवर सगळीकडे यायला कित्येक दशकं गेली, आणि त्या वाटेवर फार माणसं गेली. त्यातली एक गोष्ट तर आपल्यासारख्यांचीच आहे, पोटासाठी परदेशी निघालेल्यांची.

तर सुरुवातीपासून सांगते.

रडार म्हणजे काय? विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो, तसंच. रेडिओची लहर पाठवायची, विमानाच्या धातूवर आपटून ती परत येते, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनच्या किनाऱ्यावर अशा रडार केंद्रांची साखळी उभी होती. विमानं येताहेत हे कळायचं. पण कुणाची, हे कळायचं नाही. प्रतिध्वनीला नाव नसतं.

याची किंमत पहिल्याच आठवड्यात मोजावी लागली. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं. ६ सप्टेंबरच्या सकाळी एसेक्सच्या बाजूला शत्रूची विमानं आल्याचा इशारा मिळाला. ब्रिटिश हरिकेन विमानं उडाली, मागोमाग ब्रिटिश स्पिटफायर उडाली, आणि स्पिटफायरच्या वैमानिकांनी हरिकेननाच शत्रू समजून दोन विमानं पाडली. मॉन्टेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक त्यात गेला. त्या युद्धात मारला गेलेला ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक, आणि तोही आपल्याच माणसांच्या गोळीने. जर्मन विमान त्या आकाशात एकही नव्हतं. इतिहासात याला 'बार्किंग क्रीकची लढाई' म्हणतात, थोडं उपरोधानेच.

आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखणारं यंत्र हवं, हे रडारवाल्यांना आधीपासून माहीत होतं, त्यावर कामही चालू होतं. त्या सकाळी ते किती तातडीचं आहे ते सगळ्यांना कळलं. मग विमानांत एक छोटा डबा बसवला जाऊ लागला. जमिनीवरच्या रडारची लहर आली की हा डबा ती पकडायचा, जोरकस करायचा आणि परत पाठवायचा. पडद्यावर त्या विमानाची खूण इतरांपेक्षा मोठी, उड्या मारणारी दिसायची. म्हणजे हा आपला. विमान पहिल्यांदा नुसता प्रतिध्वनी न राहता उत्तर द्यायला लागलं. आजच्या ट्रान्सपाँडरचा हा पणजोबा.

या डब्याचं सांकेतिक नाव होतं 'पॅरट', म्हणजे पोपट. आपल्याकडे माणसाचा पोपट होतो, यांच्याकडे विमानातला पोपट बोलतो! गंमत म्हणजे हा शब्द अजून जिवंत आहे. आजही हवाई वाहतूक नियंत्रक वैमानिकाला चार आकडी क्रमांक देताना 'स्क्वॉक' अमुक असं सांगतो. स्क्वॉक म्हणजे पोपटाचं कर्कश ओरडणं. आपल्या आई-बाबांच्या विमानातही हा पोपट बसलेला असतो.

युद्ध संपलं, प्रवासी विमानं वाढली, आणि आकाशात गर्दी झाली. पण नियम जुनेच होते. बऱ्याच भागात विमान कुठे आहे यावर जमिनीवरून कुणाचीच नजर नसायची. वैमानिकाने खिडकीतून बघायचं आणि दुसऱ्याला चुकवायचं, इतकंच. ३० जून १९५६ ला अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या आकाशात दोन प्रवासी विमानं २१,००० फुटांवर एकमेकांवर आदळली. १२८ माणसं गेली, एकही वाचलं नाही. देश हादरला. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, अमेरिकेत हवाई वाहतुकीसाठी नवा कायदा आणि नवी संस्था आली, आणि युद्धातला पोपट प्रवासी विमानांत रुजायला लागला.

आता तो बोलतो कसा, ते सांगते. हे मुलांना सांगायला छान आहे.

जमिनीवर फिरणारा अँटेना १०३० मेगाहर्ट्झवर विमानाला प्रश्न विचारतो. प्रश्न शब्दांत नसतो, टाळ्यांत असतो असं समजा. दोन टाळ्यांमध्ये ८ मायक्रोसेकंदांचं अंतर असेल तर प्रश्न आहे "तू कोण?" अंतर २१ मायक्रोसेकंद असेल तर प्रश्न आहे "किती उंचावर आहेस?" एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक फरकावरून विमानातला डबा प्रश्न ओळखतो आणि १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो.

"तू कोण?" याचं उत्तर म्हणजे नियंत्रकाने दिलेला चार आकडी क्रमांक. त्यात फक्त ० ते ७ हेच आकडे असतात, ८ आणि ९ नाहीतच. त्यामुळे एकूण ४,०९६ क्रमांक होतात. त्यातले तीन राखीव आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी.

आणि "किती उंचावर?" याचं उत्तर कुठून येतं? एका बंद डबीतून. प्रवासात तुम्ही चिवड्याचं पाकीट नेलं असेल तर बघितलं असेल, विमान वर गेलं की पाकीट टम्म फुगतं. बाहेर हवेचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. जुन्या उंचीमापकाच्या पोटात अशीच एक धातूची पातळ डबी असते, आतली हवा काढून सील केलेली. वर जावं तशी ती फुगते, खाली यावं तशी दबते. तिच्या हालचालीला जोडलेलं यंत्र त्याचे आकडे बनवतं, शंभर-शंभर फुटांच्या टप्प्यांत, आणि ट्रान्सपाँडरच्या हातात देतं. आता डबीच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले आहेत आणि टप्पा २५ फुटांपर्यंत बारीक झाला आहे, पण मोजतात तोच हवेचा दाब.

इथे एक बारीक गोष्ट आहे, मला ती वाचून फार आवडली. हवेचा दाब रोज बदलतो. आज लंडनला ढगाळ असेल, तिकडे दिल्लीत कडक ऊन असेल. मग प्रत्येक विमानाने आपापल्या गावच्या दाबावरून उंची सांगितली तर गोंधळच. म्हणून ट्रान्सपाँडर जगभर एकच फूटपट्टी वापरतो. समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आहे असं गृहीत धरायचं आणि त्यावरून उंची सांगायची. वैमानिकाने स्वतःच्या समोरचा उंचीमापक स्थानिक दाबावर लावला असला, तरी डबा मात्र याच फूटपट्टीने बोलतो. त्यामुळे खऱ्या उंचीत थोडा फरक पडू शकतो, पण एकाच भागातल्या सगळ्या विमानांत तो सारखाच पडतो. आणि दोन विमानं आदळू नयेत यासाठी महत्त्वाची असते ती दोघांमधली उंची. ती बरोबर राहते.

म्हणजे दोन वेगळी उत्तरं. कोण, आणि किती उंच. बरीच वर्षं छोट्या विमानांत फक्त पहिलं उत्तर देणारा डबा असायचा. उंचीचं यंत्र वेगळं घ्यावं लागायचं, खर्च व्हायचा, सक्ती सगळीकडे नव्हती. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस गावावर एक छोटं पायपर विमान आणि मेक्सिकोहून येणारं प्रवासी डीसी-९ आदळलं. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. विमानांतली ६७ आणि खाली घरांत असलेली १५, अशी ८२ माणसं गेली. रविवार होता, लोक घरीच होते.

यानंतर अमेरिकेने दोन गोष्टी केल्या. मोठ्या विमानतळांच्या आसपास उंची सांगणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा केला. आणि मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा बसवायला लावली. त्यासाठी १९९३ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली. ही यंत्रणा काय करते? नियंत्रकाची वाट न बघता एक विमान दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला थेट विचारतं, "किती उंचावर आहेस?" धोका दिसला की दोन्ही विमानांतल्या यंत्रणा आपसात ठरवतात: तू वर जा, मी खाली जातो. दोन्हीकडे पोपट बोलका हवा, एवढीच अट.

हे लक्षात ठेवा, मंडळी. १९९३. तंत्र तयार होतं, चालत होतं, बाजारात मिळत होतं.

आता १२ नोव्हेंबर १९९६.

मी तेव्हा शाळेत होते. आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान दम्मामला नोकरीला होते. दोन वर्षांनी महिनाभराच्या सुट्टीवर यायचे, येताना आम्हा सगळ्या पोरांना चॉकलेटं आणायचे. त्या वेळी ते सुट्टी संपवून परत जाऊन दोन-तीन आठवडे झाले होते. गेले होते तेही मुंबईहून. तरीही बातमी लागली तशा काकू आमच्या दारात येऊन बसल्या आणि रडत राहिल्या. आई म्हणत होती, "अहो, भाऊजी कधीच पोचलेत, ते विमान दिल्लीचं होतं." काकू म्हणाल्या, "माहीत आहे हो मला. पण त्यातल्या कुणाची तरी बायको आत्ता अशीच बसली असेल ना." मला तेव्हा काही कळलं नव्हतं. आता कळतं.

झालं असं होतं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सौदीचं बोईंग ७४७ दिल्लीहून उडालं. ते धाहरानमार्गे जेद्दाला जाणार होतं. आत ३१२ माणसं, त्यातले कितीतरी आपले कामगार. कुणी सुट्टी संपवून परत निघालेलं, कुणी पहिल्यांदाच. त्याच वेळी कझाकस्तानच्या श्यमकेंतहून एक इल्युशिन-७६ विमान दिल्लीला उतरायला येत होतं. त्यात ३७ माणसं होती. दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखलेलं होतं. त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवासी विमानांना एकच चिंचोळी वाट होती. समोरासमोरची विमानं वेगळी ठेवायची ती फक्त उंचीवर.

नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं. सौदी विमानाला १४,००० फुटांवर. मध्ये हजार फूट, म्हणजे साधारण ३०० मीटर, आयफेल टॉवरच्या उंचीपेक्षाही थोडं कमी. इतकं अंतर पुरतं. आजही जगभर याच अंतरावर विमानं एकमेकांच्या वरून-खालून जातात, तुमच्या आई-बाबांचंसुद्धा. फक्त प्रत्येकाने आपल्या उंचीवर राहायला हवं.

पण दिल्लीच्या त्या नियंत्रकाच्या पडद्यावर उंची दिसतच नव्हती. दिल्लीत तेव्हा वापरात होतं ते साधं, प्रतिध्वनीचं रडार. अंतर आणि दिशा दाखवणारं. उंची विचारणारं नवं रडार बसवायचं काम सुरू होतं, पण ते अजून वापरात आलं नव्हतं. जम्बोसारख्या विमानात उंची सांगणारा ट्रान्सपाँडर असतोच. पोपट होता, पण त्याला प्रश्न विचारणारा जमिनीवर नव्हता. म्हणून उंची कळायची ती रेडिओवर, माणसाच्या तोंडून. विमानाने "१५,००० फूट" म्हटलं की नियंत्रकाने ते खरं मानायचं. दुसरा मार्गच नव्हता.

कझाक विमानाने १५,००० फूट गाठल्याचं कळवलं. समोरून सौदी विमान येतंय हेही नियंत्रकाने त्यांना सांगितलं. पण विमान १५,००० वर थांबलं नाही. ते खाली येत राहिलं. नंतर न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने ठरवून दिलेली उंची सोडल्याचा ठपका कझाक वैमानिकांवर ठेवला. त्यामागची कारणंही पुढे आली. इंग्रजी कच्चं होतं. विमान चालवणारे वेगळे आणि रेडिओवर बोलणारा वेगळा, आणि त्या बोलणाऱ्याच्या समोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. त्या भागातल्या वैमानिकांना मीटरची सवय, इथे सगळं फुटांत. बाहेर ढग, काही दिसत नव्हतं.

आणि मग दिल्लीच्या पडद्यावर दोन ठिपके जवळ आले, एकमेकांत मिसळले, आणि दिसेनासे झाले. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमानं कोसळली. ३४९ माणसं गेली. हवेत दोन विमानं आदळून झालेला जगातला सर्वांत मोठा अपघात आजही तोच आहे.

चूक वैमानिकांची होती, हे आयोगानेच सांगितलं. पण माणूस चुकणार, हे तर आधीच माहीत असतं. माणसाची चूक पकडायलाच यंत्र असतं. त्या संध्याकाळी उंची विचारणारं रडार चालू असतं, तर नियंत्रकाला त्या ठिपक्याशेजारी शेकड्यांत आकडा दिसला असता: १५०. मग १४९. १४८. १४७. त्याला ओरडायला वेळ मिळाला असता. टक्कर टाळणारी यंत्रणा दोन्ही विमानांत असती, तर नियंत्रकाचीही गरज पडली नसती. ती दोन्हीपैकी एकाही विमानात नव्हती. सेरिटोसला जाऊन दहा वर्षं झाली होती.

या अपघातानंतर भारतात चक्रं फिरली. दिल्लीला येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. उंची दाखवणारं रडार सुरू झालं. आणि भारताच्या आकाशात यायचं तर विमानात टक्कर टाळणारी यंत्रणा हवी, असा नियम आला. आज आपण सुट्टीला बिनघोर घरी जातो तेव्हा ज्या नियमांनी आपल्याला जपलेलं असतं, त्यांतले काही त्या ३४९ जणांमुळे आलेले आहेत. त्यांच्यातले किती जण आपल्यासारखेच निघाले होते. बॅगेत लोणचं, खिशात घरचा फोटो.

यंत्र आलं म्हणून गोष्ट संपली नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगन गावावर एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोईंग आदळलं. ७१ माणसं गेली, त्यांत बहुतेक सुट्टीसाठी स्पेनला निघालेली शाळकरी मुलं. या वेळी दोन्ही विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा होती, आणि ती बरोबर बोलली होती. रशियन विमानाला तिने सांगितलं, वर जा. बोईंगला सांगितलं, खाली जा. पण त्याच क्षणी जमिनीवरच्या नियंत्रकाने रशियन विमानाला खाली जायला सांगितलं. त्यांनी माणसाचं ऐकलं. दोघंही खाली गेले.

तेव्हापासून नियम अगदी स्पष्ट झाला आहे: यंत्रणा आणि नियंत्रक वेगवेगळं सांगत असतील, तर यंत्रणेचं ऐकायचं. कारण ती दोन विमानं एकमेकांशी बोलून ठरवत असतात, आणि नियंत्रकाला ते बोलणं ऐकू येतंच असं नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि लेकीच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर.

४,०९६ क्रमांक जगाला पुरेनात. मग प्रत्येक विमानाला कायमचा २४ बिटांचा पत्ता मिळाला, आपल्या आधार क्रमांकासारखा. असे १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते होऊ शकतात. आणि पोपट आता इतका शिकला आहे की विचारायची वाटच बघत नाही. आपण कोण, कुठे आहोत, किती उंच आहोत, किती वेगात आहोत, हे तो सेकंदाला साधारण दोनदा स्वतःहून जाहीर करत राहतो. कुठे आहोत ते त्याला उपग्रहांवरून कळतं. उंची मात्र आजही मुख्यतः त्या हवेच्या दाबावरूनच, त्याच फूटपट्टीने.

हे बोलणं गुप्त नसतं. साधा रिसीव्हर आणि छोटा अँटेना असेल तर कुणीही ऐकू शकतं. जगभरात हजारो हौशी माणसांनी गच्चीवर, पोटमाळ्यावर असे रिसीव्हर लावले आहेत, आणि ऐकलेलं ते इंटरनेटवर पाठवतात. फोनवरचं ते पिवळं विमान मुख्यतः असं येतं. विमान सांगतं, कुणाच्या तरी घरावरची तार ऐकते, आणि आपल्याला दिसतं.

म्हणून काळजी करणाऱ्या मंडळींसाठी दोन गोष्टी. एक, विमान समुद्रावर किंवा वाळवंटावर असताना अ‍ॅपवरून गायब झालं तर घाबरू नका. तिथे ऐकणारं कुणी नसतं, इतकंच. विमान बोलत असतं. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "अमुक विमानाने ७७०० लावला" असं पाठवलं तर लगेच धसका घेऊ नका. एखाद्या प्रवाशाला बरं नाही म्हणून लवकर उतरायचं असेल तरीही तो लावतात. पोपट गप्प झाला की काय होतं तेही आपण बघितलं आहे. ८ मार्च २०१४ ला मलेशियाचं एमएच ३७० नियंत्रकांच्या पडद्यावरून गेलं ते ट्रान्सपाँडरचं उत्तर थांबल्यामुळे, आणि ते विमान अजून सापडलेलं नाही.

लेकीला मी हे सगळं एका रविवारी सांगितलं. अपघात थोडे गाळून, टाळ्यांचा खेळ मात्र खेळून. एकीने डोळ्यांवर रुमाल बांधून जमिनीवर बसायचं, ती रडार. दुसरीने सोफ्यावर, खुर्चीवर किंवा खाली उभं राहायचं, ती विमान. जवळजवळ दोन टाळ्या वाजल्या तर नाव सांगायचं. लांब लांब दोन टाळ्या वाजल्या तर कितव्या पायरीवर आहोत ते सांगायचं. तुम्हीही खेळून बघा. मग मुद्दाम एकदा उत्तर न देता गुपचूप पायरी बदला. डोळे बांधलेल्या मुलाला काहीच कळत नाही. चरखी दादरी म्हणजे काय ते तिथे समजतं, शब्दांत सांगावं लागत नाही.

ती म्हणाली, "म्हणजे आजीचं विमान सारखं सांगत असतं, मी इथे आहे, मी इतकी उंच आहे?"

मी म्हटलं, "हो. सेकंदाला दोनदा."

"आणि कुणी विचारलं नाही तरी?"

"नाही विचारलं तरी."

ती हसली. म्हणाली, "मग ते आजीसारखंच आहे."

पुढच्या वेळी अ‍ॅपवर तो आकडा दिसला, ३६,००० म्हणा, ३७,००० म्हणा, तर क्षणभर थांबा. तो आकडा तिथे यायला साठ-सत्तर वर्षं लागली आहेत. आणि तुमच्यापैकी कुणाचं ९६ मध्ये गल्फमध्ये कुणी होतं का? त्या संध्याकाळचं काही आठवत असेल तर खाली जरूर लिहा. आपल्या मुलांना ते कुठल्याच पुस्तकात वाचायला मिळणार नाही.